नवा पिस्टन टाकूनही चेनसॉ पुन्हा धरते? आधी हवा कुठून शिरते ते शोधा

मशीन धरते म्हणजे पिस्टन तापून सिलेंडरमध्ये अडकतो. लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्या मशीनची भानगड हीच की दुसरी ते लगेच कळेल.

थंड मशीन तीन-चार ओढीत चालू होते. पहिल्या अर्ध्या टाकीत काही तक्रार नाही, भुसा जाड पडतो, चेन स्वतःहून लाकडात उतरते. मग कधीतरी ट्रिगर सोडल्यावर आवाज लगेच खाली बसत नाही. दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतो आणि मग उतरतो. आयडलिंगवर मशीन कुशीवर केली की रेस आपोआप चढते. तुम्ही एच स्क्रू (कार्बोरेटरवरचा, फुल रेसला किती पेट्रोल जावं ते ठरवणारा) जरा उघडता, बरं वाटतं. दहा मिनिटांनी परत तेच, परत जरा उघडता. आणि मग भर लाकडात आवाज एकदम बारीक, कोरडा होतो, मशीन गप्प. दोरी ओढायला जावं तर ती भिंतीला बांधल्यासारखी. अर्ध्या तासाने दोरी हलते, पण हाताला कॉम्प्रेशन लागत नाही. सायलेन्सर काढून डोकावलं की पिस्टनवर उभे ओरखडे.

एकदा झालं तर मागच्या मालकाच्या नावाने बोटं मोडता येतात. माझ्याकडे एकाच उन्हाळ्यात दोनदा झालं, आणि दुसऱ्यांदा तर मीच टाकलेला नवाकोरा पिस्टन चौथ्या टाकीला गेला. तिसरा अजून चालू आहे. मधल्या काळात मी बरंच काही उगाच बदललं. ते तुम्हाला बदलावं लागू नये म्हणून हे लिहितोय.

मशीनचं सांगतो थोडक्यात. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याला लाकडाचा जुना बाजार आहे. तिथल्या एका ठेकेदाराने धंदा बंद केला तेव्हा त्याच्याकडून घेतली. मशीन म्हणजे अर्धी संत्र्याच्या क्रेटमध्ये आणि अर्धी युरियाच्या पोत्यात. मोठ्या वर्गातली, दिवसभर लाकूड कापणाऱ्यांसाठी बनवलेली: ५२ मिमी बोअर, ३४ मिमी स्ट्रोक, म्हणजे ७२.२ सीसी. हा गुणाकार तुम्हीही करून बघा, कारण बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या मशीनमध्ये वेगवेगळ्या बोअरचे सिलेंडर सापडतात. व्हर्नियरने मोजल्याशिवाय किट मागवलं तर पैसे पोस्टातच गेले समजा.

आमची संत्र्याची बाग डिंक्या रोगाने गेली होती. वाळलेले बुंधे कापायचे होते, शिवाय धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळी. घरच्यांचं म्हणणं, तेवढ्याच पैशात ५८ सीसीची नवी मशीन डब्यातून मिळते, ती आणा. त्यांचं चूक नव्हतं. पण मोठ्या मशीनचा प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि प्रत्येक भाग खोलता येतो, या एका गोष्टीवर मी भाळलो. (धुऱ्यावर साग, आंबा, मोह, चिंच असं काही असेल तर मशीनच्या आधी कागद बघा. १९६४ चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा खाजगी शेतातल्या अनुसूचित झाडांनाही लागू आहे.)

पिस्टन बाहेर आला की तो फेकू नका

पिस्टन हा पुरावा असतो. सायलेन्सरकडच्या बाजूलाच उभे ओरखडे असतील, ॲल्युमिनियम चोपडल्यासारखं पसरलं असेल आणि रिंग खाचेत अडकली असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, त्यातून उष्णता, असा सरळ हिशोब लावायचा. कार्बोरेटरकडच्या बाजूला राखाडी, बारीक घासल्यासारखं असेल तर धूळ आत गेली, एअर फिल्टर बघा. चारही बाजूंनी सारखा घासला असेल तर तेलच नव्हतं, किंवा थंड मशीनला चालू केल्या केल्या फुल रेस दिली.

माझे दोन्ही पिस्टन सायलेन्सरकडूनच गेले होते. पहिल्याच्या वेळी मी ते पाहिलं, पण वाचलं नाही. मला वाटलं, उन्हाने गेला. मे महिना, सावलीत ४५ अंश, कोणाला वाटणार नाही? पण ऊन हे उत्तर पुरत नाही. गरम हवा विरळ असते, म्हणजे त्याच कार्बोरेटरमधून पेट्रोलच्या मानाने हवा थोडी कमीच जाते, मिश्रण किंचित जाडच होतं. उन्हाने सिलेंडर नीट थंड होत नाही, टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते, हे खरं. पण आमच्याकडे इतरांच्याही मशीन त्याच उन्हात चालत होत्या आणि त्यांचे पिस्टन जागेवर होते.

मग तेलावर शंका घेतली. बाटलीवर लिहिल्याप्रमाणे चांगलं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे ५० ला १. साधं मोटरसायकलचं टू-टी असेल तर लिटरला ४० मिली, २५ ला १. मी शहाणपणा करून लिटरला ६० मिली टाकायला लागलो. जास्त तेल म्हणजे जास्त राखण, असं वाटतं ना? होतं उलट. जेटमधून ठरावीक रस जातो, त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं, म्हणजे मिश्रण आणखी कोरडं. वर सायलेन्सर काजळीने भरला तो वेगळाच.

तिसरी शंका पेट्रोलवर, आणि ती अगदीच वाया गेली नाही. २०२५ पासून बहुतेक पंपांवर ई-२०च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. साध्या पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलवर ट्यून केलेली मशीन ई-२० वर आपोआप कोरडी चालते. हाताने ट्यून करायच्या कार्बोरेटरच्या मशीनबरोबर येणारी पुस्तकं १० टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलला त्रासदायक म्हणतात ते त्यामुळेच. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनाभर टाकीत राहिलेलं मिश्रण पावसाळ्यात वापरू नका. पण हा फरक एच स्क्रू थोडा उघडून भरून निघतो. माझा एच स्क्रू सव्वादोन फेरे उघडा होता आणि तरी पुरत नव्हतं. हलकेच बंद करून साधारण एक फेरा, ही बहुतेक कार्बोरेटरची सुरुवातीची जागा. तिथून दुप्पट उघडूनही मशीन पेट्रोल मागत असेल तर दोष स्क्रूचा नसतो. कुठूनतरी दुसरी हवा येत असते, कार्बोरेटरला न विचारता.

ही गोष्ट मला दुसरा पिस्टन गेल्यावर कळली.

सिलेंडर फेकायच्या आधी

मधे एक कामाची गोष्ट. पिस्टन धरला की सिलेंडरच्या भिंतीवर जे खरबरीत दिसतं ते बहुतेक वेळा पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, सिलेंडरचं ओरबाडणं नाही. चांगल्या सिलेंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा टणक थर असतो आणि तो पिस्टनपेक्षा कितीतरी कडक असतो. मी फरशी धुवायचं ॲसिड आणलं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने फक्त त्या पांढऱ्या पट्ट्यावर लावलं. लगेच बारीक बुडबुडे, थोडा धूर, काडी काळी. पुसायचं, दुसरी काडी घ्यायची. सात-आठ काड्या झाल्या आणि बुडबुडे थांबले. बुडबुडे थांबले म्हणजे ॲल्युमिनियम संपलं, खाली थर लागला. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, बारीक पॉलिश पेपर आडवा-तिरपा हलकेच फिरवला. नखाला कुठेच काही अडकलं नाही, आणि एका सिलेंडरचे पैसे वाचले.

हे बाहेर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून. पोर्टच्या कडांना ॲसिड लागू देऊ नका. तिथे थर नसतो, खाली उघडं ॲल्युमिनियम असतं आणि ॲसिड ते खात सुटतं. थर जाऊन नख अडकत असेल तर मात्र सिलेंडर गेलाच.

पिस्टन बसवताना माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे. पिनची लॉक दोन्ही नवी, जुनी परत वापरायची नाहीत. हे सगळे सांगतात, मीही नीट केलं होतं.

मी नेमकं कुठे चुकलो

पहिल्या बांधणीत मी क्रँकची दोन्ही ऑइल सील, म्हणजे शाफ्ट केसमधून बाहेर येतो तिथल्या रबरी कड्या, बदलली होती. म्हणूनच सीलवर माझा संशय गेला नाही. नवी आहेत, आपण स्वतः बसवली आहेत, मग ती गळतील कशी? हा विचारच मला एका पिस्टनला पडला.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस ही नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबून वर ढकललं जातं. म्हणजे केसच्या आत मिनिटाला हजारो वेळा ओढ आणि दाब, ओढ आणि दाब. ओढीच्या वेळी कुठेही केसाएवढी फट असेल तर तिथून नुसती हवा शिरते, पेट्रोल नाही. तीच हवा पिस्टन जाळते.

दुसरा पिस्टन गेल्यावर मी गळती तपासायला घेतली. गावातल्या कंपाउंडरकडून बीपीच्या मशीनचा जुना फुगा आणि काटा आणला. सायलेन्सर आणि सिलेंडरच्या मधे ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा घालून बोल्ट आवळले. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी ट्यूबचं रबर आणि वर पत्र्याची पट्टी, त्याच बोल्टवर. असं केलं की मॅनिफोल्डचं रबरही परीक्षेत येतं. इम्पल्सची बारीक नळी (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी) बंद केली. जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि त्या जागी सायकलच्या वॉल्व्हची पितळी नळी एम-सीलने बसवली. वॉल्व्हची आतली पिन काढून टाकायची, नाहीतर पुढची निम्मी परीक्षा होणारच नाही. पिस्टन खाली आणला, म्हणजे पोर्ट उघडे राहून वरची-खालची जागा एक होते. आणि फुगा दाबला.

काटा ३०० वर गेला आणि तिथेच बसून राहिला. पाऱ्याचे ३०० मिलीमीटर म्हणजे ०.४ बार. कंपन्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकात ०.५ बार भरून २० सेकंद थांबायला सांगतात; माझा काटा मिनिटभर हलला नाही. सगळीकडे शॅम्पूचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. मी खूश. गळती नाही, म्हणजे कार्बोरेटरच खराब, असा निकाल देऊन नव्या कार्बोरेटरचे पैसे मोजून मोकळा झालो.

कार्बोरेटर आला, बसवला, मशीन चालू झाली, गरम झाली, आणि ट्रिगर सोडल्यावर आवाज परत वरच रेंगाळला. या वेळी तेवढी अक्कल आली होती की तिथेच बंद केली. घरातून आवाज आला, "तुमाले लाकडं कापाची हायेत का मशीनच खोलत बसाची हाय?" खरं उत्तर द्यायची सोय नव्हती.

आमच्या गावात एक पोरगा फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो. तो सहज आला होता, ओट्यावर पसरलेलं सामान पाहून बसला. मी सगळं सांगितलं, बीपीच्या काट्यासकट. त्याने एवढंच विचारलं, "काका, तुमी दाबून पाह्यलं. ओढून पाह्यलं का?"

मी म्हटलं, दाबून धरतंय म्हणजे ओढूनही धरेलच की.

"नाई ना. फ्रिजात आमी दोनी करतो. दाबल्यावर पकडते अन् ओढल्यावर सोडते, असे लय नखरे रायते."

संध्याकाळी तो त्याचा व्हॅक्यूम पंप आणि निळं मीटर घेऊन आला. निळं म्हणजे शून्याच्या दोन्ही बाजूंना वाचणारं, दाबही दाखवतं आणि ओढही. पंप जेमतेम दोन सेकंद चालवला, काटा पाऱ्याच्या १५ इंचांवर आला, त्याने कॉक बंद केला. १५ इंच म्हणजे साधारण अर्धा बार ओढ. २० सेकंदांत ती ०.३ बारच्या, म्हणजे साधारण ९ इंचांच्या, खाली घसरायला नको. माझा काटा पाच सेकंदांत शून्यावर आला. डोळ्यांदेखत, घड्याळाच्या काट्यासारखा सरकत.

दाबाला धरणारी आणि ओढीला सोडणारी गळती, ही कशी काय? ऑइल सीलची रचनाच तशी आहे. सीलचा पातळ ओठ आणि त्यावरची बारीक स्प्रिंग आतल्या बाजूला असते. आतून दाब आला की तो ओठ शाफ्टवर आणखी चेपतो. ओठाला छोटी चीर असली तरी चेपून ती बंद होते. आतून ओढ आली की बाहेरची हवा त्या ओठाला शाफ्टपासून उचलते, आणि चीर उघडते. थंड असताना थोडं तेल आणि कडक रबर तिला सांभाळून घेतं. गरम झाल्यावर रबर मऊ, तेल पातळ, मग सांभाळणारं कोणी उरत नाही. म्हणून माझी मशीन अर्धी टाकी शहाण्यासारखी वागायची.

कोणत्या बाजूचं सील, हे कसं ओळखायचं

हे फार सोपं निघालं. ओढ धरून ठेवायची आणि एकेका सीलवर बाहेरून घट्ट ग्रीस थापायचं. क्लचकडच्या बाजूला थापलं, काटा त्याच वेगाने पडला. परत ओढ दिली, मॅग्नेटकडच्या (स्पार्कसाठी चुंबक बसवलेल्या फ्लायव्हीलकडच्या) बाजूला थापलं, काटा १४ वर येऊन रेंगाळला आणि ग्रीसमध्ये बारीक खड्डा पडला, जणू कोणी आतून स्ट्रॉ लावून ओढतंय. सापडलं.

बरेच जण चालू मशीनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून रेस बदलते का ते बघतात. मॅनिफोल्डच्या रबरासाठी ते चालून जातं. मॅग्नेटच्या बाजूला मात्र तो पंख्याचं काम करत असतो, फवारा सीलपर्यंत पोचतच नाही. आणि गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल उडवणं मला तरी झेपत नाही.

मॅग्नेट काढला. नट सरळ आट्यांचा असतो. मॅग्नेटवर थेट हातोडी मारू नका, पुलर लावा. फिरलेल्या मॅग्नेटने स्पार्कची वेळ बिघडते आणि मग नवीन कहाणी सुरू होते. (क्लचकडे जायचं असेल तर लक्षात ठेवा, क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडायची, लोखंड नाही.)

सील बाहेर काढून उन्हात धरलं. ओठावर एका जागी जेमतेम दीड मिलीमीटरची चीर. कापल्यासारखी स्वच्छ. मग शाफ्टकडे पाहिलं आणि सगळा उलगडा झाला. मॅग्नेटची अर्धचंद्र चावी जिथे बसते त्या खाचेची कड ब्लेडसारखी धारदार होती. पहिल्या बांधणीत मी नवं सील त्या कडेवरून तसंच सरकवलं होतं. वर खात्रीने हातोडीचे दोन ठोके. सील बनवणाऱ्याचा यात काही दोष नाही, दुकानदाराचाही नाही. मी माझ्या हातानेच ते बसवता बसवता कापलं होतं.

बसवायची पद्धत, या वेळची

खाचेची कड आधी बारीक पेपरने मोडली. दुधाच्या पिशवीची पट्टी कापून शाफ्टभोवती एकच फेर गुंडाळली, चावीची खाच आणि आटे दोन्ही झाकतील अशी. पट्टीवर टू-टी तेलाचा हात. सीलच्या ओठाला आतून ग्रीस, स्प्रिंगची बाजू आत. हळूच पिशवीवरून सरकवलं, ओठ पूर्ण शाफ्टवर आल्यावर पिशवी ओढून काढली. मग सीलच्या बाहेरच्या कडेइतक्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन सगळीकडून सारखं आत दाबलं, जुनं जितकं खोल होतं तितकंच. तिरपं गेलं तर ते काढून टाकायचं. दाबून सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही.

सील टाकण्याआधी क्रँकचं टोक धरून वर-खाली हलवून बघा. हाताला जराही खेळ लागला तर बेअरिंग गेलं आहे, आणि गेलेल्या बेअरिंगवर कोणतंही सील महिनाभरही टिकत नाही. माझी बेअरिंग घट्ट होती, नशीब.

क्लचकडचं सीलही त्याच दिवशी बदललं, तसं गरज नसताना. फ्रिजवाल्या पोराला परत बोलावलं. १५ इंच. २० सेकंद. काटा १४ वर. त्याने मीटर काढलं, मी चहा ठेवायला सांगितला.

जोडताना मॅग्नेट आणि कॉइलमधली फट साधारण ०.२ ते ०.३ मिमी लागते. व्हिजिटिंग कार्डाची जाडी बहुतेक तेवढीच. कार्ड मधे ठेवून कॉइल मॅग्नेटला चिकटू द्यायची, बोल्ट आवळायचे, कार्ड ओढून काढायचं.

हवेशिवाय दुसरं काही असेल तर

ओढीच्या परीक्षेत मशीन पास झाली आणि तरी कोरडी चालत असेल, तर मगच पेट्रोलच्या वाटेकडे वळा. टाकीचं झाकण सैल करून दोन मिनिटं चालवा. बरी चालली तर टाकीची हवेची वाट बुजली आहे. टाकीतली फिल्टरची गुंडी काळी, कडक झाली असेल तर बदला, स्वस्त असते. कार्बोरेटरचा पडदा बोटाने दाबून बघा, पापडासारखा कडकड वाजला तर गेला. मॅनिफोल्डचं रबर वाकवून बघा, चीर घडीत लपते. प्लगचं वॉशर, डिकॉम्प्रेशनचं (दोरी ओढताना दाब कमी करणारं) बटण आणि सिलेंडरखालचं पॅकिंग या तीन जागा लोक विसरतात.

आणि हो, मी घेतलेला तो नवा कार्बोरेटर अजून डब्यात पडून आहे. जुनाच परत बसवला, त्यात नवे पडदे टाकले, उत्तम चालतो.

ट्यूनिंग कानाने

गळती बंद झाल्यावर एच आणि एल (कमी रेसचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू) दोन्ही एका फेऱ्यावर आणून सुरुवात केली. मशीन आधी नीट गरम करायची. साखळी धारदार हवी, बोथट चेनवर केलेलं ट्यूनिंग खोटं असतं. आधी एल, मग आयडलिंगचा स्क्रू, चेन थांबेल इतका. मग एच. लाकडाबाहेर फुल रेस दिली की मशीनने किंचित अडखळत, भरल्या गळ्याने बोललं पाहिजे. लाकडात उतरवली की आवाज साफ व्हायला हवा आणि उचलली की परत भरलेला. लाकडाबाहेरही आवाज शिटीसारखा साफ येत असेल तर एच उघडा, ताबडतोब. फुल रेसवरचा गोड, पातळ आवाज ऐकून खूश होणारे लोक पिस्टन विकणाऱ्यांचं घर चालवतात.

माझा एच आता ई-२० वर सव्वा फेऱ्यावर आहे. तेल परत लिटरला २० मिली, चांगल्या प्रतीचं. पहिल्या तीन टाक्या फुल रेसवर एका दमात कापलं नाही, मधे मधे श्वास घेऊ दिला.

आता दर पाच टाक्यांनी सायलेन्सर काढतो आणि टॉर्च मारून पिस्टन बघतो. मोठी भानगड नाही, दहा मिनिटांचं काम. नव्या पिस्टनवर कारखान्यातल्या आडव्या बारीक रेघा असतात. परवा पाहिलं तेव्हा त्या अजून दिसत होत्या आणि उभी एकही नव्हती. बाग कापून झाली आहे. धुऱ्यावरच्या दोन बाभळी राहिल्यात, त्या शेतातल्या पिकाची कापणी झाल्यावर.